पहिली उडी आणि मधले पन्नास सेकंद

सोमवारी पहाटे साडेपाचला फोन वाजला. ह्यूस्टनला तेव्हा रविवारची संध्याकाळ असते. अवेळी फोन आला की आमच्या घरात आधी देवाचं नाव घेतलं जातं, मग फोन उचलला जातो. पलीकडे भाची होती.

"मामा, मी विमानातून उडी मारली. एकटीनं. म्हणजे, पट्ट्यानं कुणाला बांधलेली नव्हते. आता पुढे मारू की नको, ते तू सांग."

मी पिंपरीत आणि नंतर चाकणला मिळून सत्तावीस वर्षं कारखान्यात सेफ्टीचं काम केलं. विमानातून उडी सोडाच, पर्वतीच्या पायऱ्याही मी कडेकडेनं उतरतो. तरी तिनं मलाच विचारलं, कारण बाकीच्यांची उत्तरं तिला आधीच ठाऊक होती. मित्रमैत्रिणी म्हणणार, "भारी! अजून मार." आई म्हणणार, "कुठून बुद्धी सुचली!" नवरा खाली मैदानात उभा राहून शूटिंग करत होता. त्यानं एकच विचारलं होतं, "आवडलं का तुला?" आणि तिला त्याचं उत्तर देता आलं नाही. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

उडीचा व्हिडिओ तिला मिळालेला होता. मी म्हटलं, "तो अजिबात बघू नकोस. इन्स्ट्रक्टरनं काय सांगितलं तेही मला आत्ता सांगू नकोस. कागद घे आणि विमानात बसल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत जे आठवतं ते लिही. आठवत नसेल तिथे रिकामी जागा सोड."

ही कारखान्यातली सवय. अपघात झाला किंवा होता होता टळला, की माणसाचा जबाब आधी घ्यायचा आणि सीसीटीव्ही नंतर दाखवायचा. एकदा फुटेज पाहिलं की त्याला फुटेजच आठवायला लागतं. प्रेस शॉपमधल्या एका ऑपरेटरनं मला शपथेवर सांगितलं होतं की त्यानं पार्ट काढायच्या आधी मशीन थांबवलं होतं. तो खोटं बोलत नव्हता. रोज थांबवायचा, त्यामुळे त्या दिवशीही थांबवलं असं त्याला खरंच आठवत होतं.

तिचं लिहिलेलं दुपारी आलं, कागदाचे फोटो. विमानावर अर्धं पान: माणसं दाटीवाटीनं बसलेली, कुणाच्या तरी गुडघ्यात आपली पाठ, इंजिनाचा आवाज, दहा हजार फुटांवर अचानक लागलेली थंडी. मग "दार." त्याखाली "वारा. कुणीतरी माझ्याकडे बघून हसतंय." मग चार ओळींची रिकामी जागा. आणि त्यानंतर पॅराशूट उघडल्यावरचं दीड पान, इतकं बारीक की कुठल्या शेतात पाणी साचलं होतं तेही.

ती रिकामी जागा पन्नास सेकंदांची होती.

इथे जरा शिक्षणाची पद्धत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. पहिल्यांदा बहुतेक लोक करतात ती टँडम उडी. इन्स्ट्रक्टरच्या छातीला आपण बांधलेलो, सगळं तो करणार. भाचीनं ती गेल्या वर्षीच केली होती. मी ती उडी धरत नाही. त्यात आपण सामान असतो, फार तर बोलकं सामान. यावेळची उडी एएफएफ (ॲक्सिलरेटेड फ्रीफॉल) नावाच्या पद्धतीतली पहिली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रुजलेली ही पद्धत. आदल्या दिवशी सहा-सात तासांचा जमिनीवरचा वर्ग, मग साडेतेरा हजार फुटांवरून उडी. स्वतःचं पॅराशूट पाठीवर आणि दोन बाजूंनी दोन इन्स्ट्रक्टर तुमच्या पोशाखाला धरून सोबत पडतात. ते धरतात, खुणा करतात, पण कामं तुम्ही करायची. क्षितिज बघायचं, मनगटावरचा अल्टिमीटर बघायचा, दोघांकडे बघायचं. हात मागे नेऊन पॅराशूट सोडायचा गोळा खरंच सापडतो का, ते तीनदा चाचपायचं. साडेपाच हजार फुटांवर दोन्ही हात डोक्यावर हलवून तो गोळा ओढून वाऱ्यात टाकायचा.

पहिले हजार फूट पडायला दहाएक सेकंद लागतात. मग वेग ताशी 190 किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो आणि पुढचा प्रत्येक हजार साडेपाच सेकंदांत संपतो. म्हणजे साडेतेरा हजारांवरून साडेपाच हजारांपर्यंत पन्नास सेकंदांच्या आत-बाहेर. आणि साडेपाच हजारांवर काहीच केलं नाही, तर जमीन अजून अर्ध्या मिनिटावर. हे अर्धं मिनिट लक्षात ठेवा.

मंगळवारी आम्ही व्हिडिओ एकत्र पाहिला, ती तिकडे, मी इकडे, मध्ये स्क्रीन.

दारातून निघणं सुरेख होतं. आतल्या इन्स्ट्रक्टरकडे बघून मान हलवली, बाहेरच्याकडे बघितलं, वर-खाली झुलून छाती पुढे काढून निघाली. शरीराची कमान जशी शिकवली तशी. पोटात गोळा येत नाही म्हणे, कारण विमान आधीच शंभरेक मैलांच्या वेगानं चाललेलं असतं आणि वारा लगेच अंगाला लागतो. पाळण्यातल्यासारखं वाटत नाही.

मग सातव्या की आठव्या सेकंदाला तिनं पाय दुमडले. टाचा जवळजवळ पार्श्वभागाला. पाय आखडले की मागच्या बाजूला वारा कमी अडतो आणि माणूस उलट्या दिशेनं सरकायला लागतो. दोन माणसं धरून ठेवत असताना ही मागे मागे चाललेली. डावीकडच्यानं तिच्या तोंडासमोर दोन बोटं ताणून धरली. अर्थ: पाय लांब कर. तिनं मान डोलावली. पाय तसेच. त्यानं पुन्हा दोन बोटं दाखवली. तिनं पुन्हा मान डोलावली आणि चक्क हसली.

"मामा, मी हसतेय बघ."

"तू लिहिलंयस, कुणीतरी तुझ्याकडे बघून हसतंय. ते तूच आहेस. त्याच्या गॉगलमध्ये."

हा माझा अंदाज होता. पण ती गप्प झाली.

चाचपणीच्या वेळी हात मागे गेला तो कमरेवर थांबला. गोळा आणखी वीतभर खाली, उजवीकडे असतो. तिन्ही वेळा हात कमरेवर. अल्टिमीटर तिनं एकदा पाहिला, आणि पाहत राहिली. बसस्टॉपवर घड्याळ बघतो तशी. काटा हलताना दिसत होता आणि त्या हलण्याचा तिच्याशी काही संबंध आहे असं चेहऱ्यावरून वाटत नव्हतं. सहा हजार गेले. साडेपाच हजार गेले. उजवीकडच्यानं एक बोट समोर धरलं. ही खूण सगळ्यात सोपी: ओढ. तिनं बोटाकडे पाहिलं. मग त्यानंच तिच्या पाठीखालचा गोळा ओढून सोडला. तेव्हा पाच हजारांच्या थोडं खाली आले होते. त्यांच्या नियमांत ही तजवीज असतेच, त्यात थरारक असं काही घडलं नाही.

इन्स्ट्रक्टरनं वहीत लिहिलं: उडी पुन्हा. तिला ते नापासासारखं लागलं होतं. शाळेपासून पहिल्या तिनात असलेली मुलगी, "रिपीट" हा शब्द तिनं माझ्याजवळ दोन दिवस उच्चारलाच नव्हता. आता कळलं की "पुढे मारू की नको" हा प्रश्न निम्मा भीतीचा होता आणि निम्मा त्या शेऱ्याचा.

मला मात्र त्या उडीतला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटला. तो हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात फार नव्हता, तिच्या कागदावर होता.

पॅराशूट उघडलं तेव्हा दोऱ्यांना दीड पीळ बसलेला होता. तिनं लिहिलं होतं: "वर बघितलं. कापड चौकोनी. दोऱ्या पिळलेल्या, डोक्यामागे एकत्र. पट्टे धरून बाहेर ताणले आणि सायकल मारल्यासारखे पाय मारले. सुटलं. उंची बघितली, 3,600. दोन्ही लगाम (वळवायच्या दोऱ्या) खाली ओढून सोडले, उजवीकडे वळवून बघितलं, डावीकडे बघितलं." आणि कंसात: "2,500 पर्यंत सुटलं नसतं तर तोडून रिझर्व्ह." हे तिच्या वर्गातलं वाक्य आहे, जसंच्या तसं. विद्यार्थ्यानं 2,500 फुटांवर ठरवायचं असतं की डोक्यावर आहे ते उतरण्यालायक आहे की नाही. नसेल तर लाल हँडल ओढून ते सोडून द्यायचं, मग चंदेरी हँडल ओढून राखीव उघडायचं.

खाली रेडिओवर सूचना देणारा होता. हजार फुटांवर वाऱ्याच्या दिशेनं, सहाशेला आडवं, तीनशेला वाऱ्याला तोंड. शेवटी ब्रेक तिनं लवकर ओढले, जमीन अजून दुमजली घराएवढी खाली असताना. रेडिओवर "होल्ड, होल्ड" ऐकून तिनं हात तसेच धरून ठेवले, पाय जुळवले, कुशीवर पडली. घोटा शाबूत. घाबरून हात वर सोडले असते तर पॅराशूट पुढे डोकं घालून आपटतं.

म्हणजे प्रकरण असं: एकाच उडीत, मिनिटभराच्या अंतरानं, दोन वेगवेगळ्या बायका होत्या. पहिली दोन बोटांकडे बघून हसणारी. दुसरी दीड पीळ उलगडून उंची तपासणारी. तिच्या नवऱ्याचा "आवडलं का" हा प्रश्न पहिलीला विचारलेला होता, आणि ती तिथे नव्हतीच. जिथे आपण हजर नव्हतो ते आवडलं की नाही, हे कसं सांगणार?

मी तिला हे सांगितलं. म्हटलं, पहिल्या उडीवरून तू या खेळाला लायक आहेस की नाही, ते ठरत नाही. डोक्यात एकाच वेळी फार काही शिरलं की मेंदू दार लावून घेतो. नवीन कामगाराला पहिल्या दिवशी आवाजात उभं केलं की तोही मान डोलावतो आणि हात भलतीकडे नेतो. दुसऱ्यांदाही असंच झालं तर मात्र आपण पुन्हा बोलू, आणि तेव्हा माझं मत वेगळं असेल.

"म्हणजे मारू?"

"मी तसं म्हटलं नाही."

आकडेही तिनं काढले होते. 2023 साली अमेरिकेत साधारण 36.5 लाख उड्या झाल्या आणि 10 माणसं गेली. 1970 च्या दशकात वर्षाला चाळीसच्या वर जायची. मग तिनं नेहमीचं वाक्य टाकलं, की ह्यूस्टनच्या हायवेवर गाडी चालवणं यापेक्षा धोक्याचं आहे. हे वाक्य मला फारसं पटत नाही. हायवेवर ती जातेच, उडी त्यात भर आहे, बदली नव्हे. आणि सरासरी आकडा कुणाचाच नसतो. या खेळात पॅराशूट नीट उघडलेलं असूनही जमिनीजवळ वेगानं वळणं घेताना जाणारे अनुभवी लोक पुष्कळ असतात, लहान, चपळ पॅराशूट घेऊन उडणारे. शिकाऊ माणसाच्या वाट्याला बहुधा मोडलेला घोटा येतो. तेव्हा तिच्या निर्णयात तो 36.5 लाखांचा भागाकार मी बाजूला ठेवला आणि ती खुणा वाचते की नाही एवढंच पुढे ठेवलं.

पैशांचं एका वाक्यात: पहिल्या पायरीचं लायसन मिळवायला कमीत कमी 25 उड्या लागतात, आणि तिच्या हिशोबानं सगळं मिळून तीन-चार हजार डॉलर. इथल्या तिच्या विम्याच्या पॉलिसीला जोडलेला अपघाताचा रायडर मी काढून वाचला. साहसी खेळ वगळलेले होते, बहुतेक ठिकाणी असतात.

आता ताई.

भाची म्हणाली होती, आईला सांगू नकोस. मी दोन दिवस सांगितलं नाही आणि तिसऱ्या दिवशी ताईचा फोन आला तर माझा आवाजच निघेना. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सांगलीत शाळेवर तीस वर्षं गणित शिकवलेलं. मी भाचीला म्हटलं, तू सांग नाहीतर मी सांगतो, हा गुपिताचा बोजा मला झेपत नाही. तिनं सांगितलं. तिला वाटत होतं आरडाओरडा होईल. ताई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ती शीतल महाजन मारते तशी?"

मराठी घरात या खेळाची ओळख तेवढीच. पुण्याची मुलगी, 18 एप्रिल 2004 ला थेट उत्तर ध्रुवावर एमआय-8 हेलिकॉप्टरमधून 2,400 फुटांवरून उडी, उणे 37 अंशांत, आणि ती तिच्या आयुष्यातली पहिली उडी. नंतर 2011 ला पद्मश्री, 2018 ला थायलंडमध्ये नऊवारी नेसून मारलेली उडी. भाचीच्या मनातही हे कुठेतरी असणार, की पहिल्याच उडीत माणूस ध्रुवावर उतरतो आणि आपल्याला पाय सरळ ठेवता आले नाहीत. ही तुलना मी तिला सोडायला लावली. एखाद्या विलक्षण माणसाची पहिली उडी हा बाकीच्यांचा मापदंड होत नाही.

ताईचा दुसरा प्रश्न मात्र अस्सल होता. "छत्रीची घडी कोण घालतं?"

भाचीला माहीत नव्हतं. विद्यार्थ्यांची पॅराशूटं तिथले पॅकर बांधतात, एवढंच. कोण, ते नाही. माझ्या सत्तावीस वर्षांत कुठल्याही शिकाऊ पोरानं हे विचारलं असतं तर मी त्याला चहा पाजला असता. पुढच्या शनिवारी ती ड्रॉपझोनवर, म्हणजे उड्यांच्या मैदानावर, उडी न मारता गेली आणि विचारून आली. मुख्य पॅराशूट पॅकर बांधतो आणि अनुभवी लोक स्वतःचं स्वतः बांधतात. राखीव मात्र फक्त परवानाधारक रिगर, म्हणजे पॅराशूट बांधण्या-तपासण्यातला तज्ज्ञ, बांधतो. त्यावर त्याचं सील असतं, आणि वापरलं नसलं तरी दर 180 दिवसांनी उघडून तपासून पुन्हा बांधावं लागतं. त्याच्या कार्डावर तारीख आणि सही. शिवाय आत एक छोटं यंत्र, जे वेग आणि उंची मोजत असतं. हजारएक फुटांच्या खाली माणूस अजून जोरात पडतोय असं त्याला दिसलं की ते स्वतःच राखीव पॅराशूट बंद ठेवणारा दोरीचा लूप कापून ते उघडतं. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं अर्धं मिनिट, त्याच्या शेवटच्या पाच-सहा सेकंदांसाठी हे यंत्र.

ताईनं कार्डाचा फोटो मागवून तारखेत 180 दिवस मिळवून पाहिले. मग म्हणाली, "ठीक आहे." परवानगी दिली असं नाही. बेरीज बरोबर आली, इतकंच.

आम्ही जे ठरवलं ते असं. आणखी एकच उडी. त्याआधी विंड टनेलमध्ये दहा मिनिटं. उभ्या नळीत खालून येणाऱ्या वाऱ्यावर तरंगायचं, पडायचं काही नाही. तिथे तिला चौथ्या मिनिटाला कळलं की आपले पाय दुमडलेले आहेत. तोपर्यंत ते सरळच आहेत अशी तिची खात्री होती. कोचनं नडग्यांवर टपली मारली तेव्हा पाय कुठे आहेत ते शरीराला समजलं. ती म्हणाली, "मामा, नडगीवर वारा लागला पाहिजे. तो लागत नसेल तर पाय आत आहेत." हे वाक्य मी लिहून ठेवलं. "पाय सरळ" ही सूचना हवेत निरुपयोगी होती, कारण तिच्या मते ते सरळच होते. "नडगीला वारा" हे तपासता येतं. कारखान्याच्या भिंतीवर "सावध राहा" लिहून मीही अनेक वर्षं वाया घालवली आहेत.

घरी ती रोज रात्री गालिच्यावर पालथी पडून उजवा हात मागे न्यायची, नवऱ्यानं कमरेखाली खोचलेल्या टेनिसच्या चेंडूपर्यंत. पन्नास वेळा. तीस दिवसांहून जास्त खंड पडला तर उजळणी करायला लावतात, म्हणून चौथ्या आठवड्याच्या आत जायचं होतं. पहिल्या खेपेला ढगांनी दिवस घालवला. दुसऱ्या खेपेला गेली.

यावेळीही मी व्हिडिओआधी कागद मागितला. तो असा होता (आकडे हजार फुटांत):

"निघाले. क्षितिज. 12. डावीकडे बघितलं, त्यानं अंगठा दाखवला. चाचपलं, गोळा सापडला. पुन्हा. पुन्हा. 9. दोन बोटं दिसली. नडगीला वारा नव्हता, पाय लांब केले, वारा आला. 7. खाली नदीसारखं काहीतरी चमकत होतं, मी ते बघितलं आणि परत काटा बघितला. 6. आता काही नाही, फक्त काटा. 5.5. हात हलवले. ओढलं."

खाली नवऱ्यासाठी एक ओळ: "हो, आवडलं. पण नदी चमकली तेवढंच. बाकी वेळ काम होतं."

ही ओळ वाचून माझं मत ठरलं, आणि तिनं मत विचारलंच नाही. व्हिडिओत दोन बोटं एकदाच दिसली आणि पाय पुढच्या सेकंदाला लांब झाले. पुढच्या पायरीवर तिला पास केलं.

पुढची उडीही झाली. चौथीच्या वेळी विमान वर गेलं आणि खाली वारा वाढला. तिथल्या नियमानुसार विद्यार्थ्यासाठी मर्यादा ताशी 14 मैल, म्हणजे बावीसेक किलोमीटर. बाकीचे दारातून गेले. ती आणि आणखी एक शिकाऊ मुलगा, दोघं इन्स्ट्रक्टरांसकट विमानातच राहिले. दार बंद झालं, पट्टे पुन्हा बांधले. ती सांगत होती की विमान खाली यायला फारच वेळ लागला. मी विचारलं का. तर विद्यार्थ्यांच्या पाठीवरचं ते छोटं यंत्र सेकंदाला तेरा मीटरच्या वेगालाही पडणं समजतं. विमान झपाट्यानं खाली आणलं तर ते आतच राखीव पॅराशूट उघडायचं. म्हणून इन्स्ट्रक्टर पुढे वाकून पायलटला ओरडून सांगत होता, मागे स्टुडंट आहेत, हळू घे.